कंबर धरली असेल तर आधी वही काढा

माझी कंबर पहिल्यांदा धरली ती पेन उचलताना. त्याच सकाळी गॅसची भरलेली टाकी स्वयंपाकघरात एकटीने सरकवली होती, तेव्हा काही झालं नाही. बँकेत काउंटरखाली पेन पडलं, वाकले आणि तशीच राहिले. उसण भरली म्हणून काकूंनी मागच्या गल्लीतला एक पायाळू मुलगा बोलावला. त्याने लाजत लाजत माझ्या पाठीला तीनदा पाय लावला. मग मालिश, मग शेक, मग कमरेचा पट्टा, मग गोळ्या. आठ-दहा दिवसांत बरं वाटायचं आणि श्रेय शेवटी जे केलं असेल त्याला जायचं. (आमच्या घरात त्या पायाळू मुलाचा मान अजून आहे.) दोन वर्षांत असं पाच वेळा झालं. पाचव्यांदा दुखणं थांबलंच नाही.

तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात जवळपास ६२ कोटी लोकांची कंबर दुखत होती, आणि त्यातल्या बहुतेकांच्या दुखण्यामागे एकच एक ठळक कारण दाखवता येत नाही. हा लेख त्या लोकांसाठी आहे. मी डॉक्टर नाही, नाशिकला बँकेत नोकरी करते. पण व्यायामाने बरी होण्याआधी मी व्यायामानेच आणखी आजारी पडले होते, आणि तो फेरा तुम्हाला टाळता येईल.

## १. आधी धोक्याच्या खुणा बघा

पुढच्यापैकी काही असेल तर सतरंजी गुंडाळा आणि डॉक्टरकडे जा.

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, लघवी अडकणं, मांड्यांच्या मधे, म्हणजे सायकलच्या सीटला टेकते त्या जागी, बधिरपणा येणं: यात त्याच दिवशी, रात्र असली तरी इस्पितळ गाठायचं. पायातली ताकद कमी होणं, चालताना पाऊल घासणं किंवा पायातली चप्पल नकळत निसटणं यालाही थांबायचं नाही.

ताप, कारण नसताना घटणारं वजन, कुठल्याही कुशीवर न थांबणारं रात्रीचं दुखणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या. आपल्याकडे मणक्याचा क्षयही होतो, त्यामुळे ताप आणि वजनाची गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगा.

एक खूण सहसा निसटते. वय चाळिशीच्या आतलं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली पाठ, विश्रांतीने वाढणारं आणि हालचालीने कमी होणारं दुखणं. हा सांध्यांच्या सुजेचा आजार असू शकतो, त्याला संधिवाततज्ज्ञ लागतो. नुसत्या व्यायामावर वर्षं काढू नका.

## २. कागद गोळा करा, पण रिपोर्ट वाचून हाय खाऊ नका

फिजिओथेरपिस्टकडे जाताना मी रिकाम्या हाताने गेले आणि पहिली भेट ‘आठवत नाही हो’ म्हणण्यात गेली. तुम्ही हे न्या:

- जुने एक्स-रे, एमआरआय असेल तर फिल्म आणि लेखी रिपोर्ट
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, आयुर्वेदिक काढे आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही
- मधुमेह, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, बी-१२ यांचे अलीकडचे रिपोर्ट
- आधीच्या ऑपरेशनची कागदपत्रं
- पुढच्या पायरीतली सात दिवसांची वही
- सैल कपडे, घालून जा किंवा पिशवीत न्या

फिजिओथेरपिस्टची पदवी विचारायला संकोच करू नका. बीपीटीएच हा फिजिओथेरपीचा काही वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, आणि राज्याच्या परिषदेकडे नोंदणी असते. ‘मणका बसवून देतो’ म्हणणाऱ्याकडे यातलं काही नसतं. मणका कपाटातल्या ड्रॉवरसारखा बाहेर आलेला नसतो, मग तो बसवणार काय?

आता त्या ‘गॅप’बद्दल. एल-४, एल-५ या कमरेच्या मणक्यांमध्ये गॅप आलीय, नस दबलीय, हे वाक्य ऐकलं की माणूस वाकायलाच घाबरतो. मी तर सहा महिने लेकाला कडेवर घेतलं नव्हतं. २०१५ साली पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून बघितल्या गेल्या. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांची झीज दिसली, ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या. चकती फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के, ऐंशीच्या घरात ८४ टक्के. यातल्या कुणाचीही पाठ दुखत नव्हती! रिपोर्ट खोटा नसतो, पण त्यात लिहिलेलं बरंचसं केस पिकण्यासारखं असतं. दुखण्याचं कारण तेच की नाही, हे तपासणाऱ्याचा हात आणि तुमची वही मिळून सांगतात.

## ३. सात दिवस वही

चार रकाने: वेळ, काय करत होते, दुखणं ० ते १० मध्ये किती, कुठे. औषध घेतलं तर तेही. या सात दिवसांत नवीन काही सुरू करायचं नाही.

माझ्या वहीत पहिल्या दोन दिवसांतच चित्र दिसायला लागलं. सकाळी बेसिनवर वाकले की ७. स्कूटरवरून बँकेत पोचेपर्यंत ५. जेवणानंतर दोन तास खुर्चीत, ६, आणि कळ डाव्या कुल्ल्यात उतरलेली. संध्याकाळी गोदाघाटापर्यंत चालून आले की ३. ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटताना २. म्हणजे वाकणं आणि बसणं माझ्या कमरेला सोसत नव्हतं. उभं राहणं, चालणं सोसत होतं.

माझ्या मामाचं नेमकं उलट. दोनशे पावलं चालला की दोन्ही पाय भरून येतात, दुकानाच्या पायरीवर पुढे झुकून बसला की मोकळं वाटतं. सायकल मात्र तो आरामात चालवतो, कारण सायकलवर माणूस वाकलेला असतो. उतारवयात मणक्याची नळी अरुंद झालेल्यांचं असं होतं.

आम्ही दोघं जर एकाच वर्गात एकच व्यायाम करायला बसलो तर एकाचं बिघडणार, हे नक्की. माझं तेच झालं होतं. पाठ आखडलीय म्हणून मी रोज पहाटे उठून पश्चिमोत्तानासन (पाय लांब करून बसून पुढे वाकायचं) करत होते, आणि वरून बारा सूर्यनमस्कार. ताण बसला की दोन मिनिटं बरं वाटायचं, म्हणून आणखी जोर लावायचे. तिसऱ्या आठवड्यात कळ पोटरीपर्यंत गेली. आसन वाईट नव्हतं. वाकण्याने दुखावलेल्या कमरेला मी आणखी वाकवत होते.

पहाटेची वेळही चुकीचीच होती. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून टच्च होतात, म्हणून सकाळी आपली उंची सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते. त्या अवस्थेत वाकलं की चकतीवर ताण जास्त येतो. उठल्यावर पहिला तास-दोन तास वाकायचं नाही, एवढा एकच नियम पाळल्याने माझी सकाळची कळ ७ वरून ४ वर आली. बेसिनपाशी एक पाय स्टुलावर, एक हात कडाप्प्यावर. केर काढायला लांब दांड्याचा झाडू. तो दोनशे रुपयांचा झाडू आधी घेतला असता तर पट्ट्याचे पैसे वाचले असते.

पट्ट्याचं आलंच आहे तर सांगते: जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शन काढलं, त्यात पट्टे आणि वजन लावून ताण देणं नेहमीच्या उपचारात नको, व्यायाम आणि समजावून सांगणं हवं, असं म्हटलंय. माझा पट्टा माळ्यावर आहे.

## ४. आपली दिशा शोधा

१९५६ साली न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला रॉबिन मॅकेंझी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे एक रुग्ण आला. त्याला टेबलावर पडायला सांगून मॅकेंझी दुसरीकडे अडकले. टेबलाचं एक टोक वर केलेलं होतं, आणि हा भला माणूस त्यावर पालथा पडला, पाठ मागे वाकलेल्या अवस्थेत. मॅकेंझी धावत आले तर रुग्ण म्हणतो, पायातली कळ गेली. त्या अपघातातून, कुठल्या दिशेला वाकलं की कळ कमी होते ते शोधायची एक अख्खी पद्धत उभी राहिली.

तुमची वही माझ्यासारखी असेल तर या क्रमाने जा:

पालथं पडा, हात बाजूला, दोन-तीन मिनिटं. मकरासनच समजा. सोसलं तर कोपरांवर टेकून छाती वर, पुन्हा दोन मिनिटं. तेही सोसलं तर भुजंगासनासारखे तळहात टेकून हातांच्या जोराने वर या, कंबर आणि कुल्ले सैल सोडून, आणि लगेच खाली. असं दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. कमरेचे स्नायू आवळून वर येऊ नका, काम हातांनी करायचं.

आता मुख्य खूण. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात, कुल्ल्यातून कमरेत अशी आत सरकत असेल तर दिशा बरोबर आहे, मग कमरेत थोडं जास्त दुखलं तरी. कळ खाली खाली उतरत असेल, मुंग्या वाढत असतील तर तिथेच थांबा. ही दिशा तुमची नाही, किंवा अजून वेळ आलेली नाही.

मामासारखी वही असेल तर उताणं झोपून एकेक गुडघा छातीकडे, मग दोन्ही. पवनमुक्तासन, पण डोकं न उचलता. वहीत दोन्ही दिशा दुखऱ्या निघाल्या तर घरी प्रयोग करू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा.

## ५. तीन व्यायाम, रोज

कळ कमरेत गोळा झाली की पुढचं काम तिला आधार द्यायचं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात मणक्यावर अनेक दशकं काम केलेले स्टुअर्ट मॅकगिल यांनी तीन व्यायाम सांगितले आहेत. दिसायला इतके साधे की माझा नवरा म्हणाला, यासाठी फी दिलीस?

छोटं उठणं. उताणं झोपा, एक गुडघा दुमडलेला, दुसरा पाय सरळ. दोन्ही तळहात कमरेच्या कमानीखाली, कमान चेपायची नाही. डोकं आणि खांदे कागदभर उचला आणि दहा सेकंद धरा. हनुवटी छातीला लावू नका. शाळेतल्या उठाबशांसारखं पूर्ण उठायचं नाही. पुन्हा पुन्हा तसं वाकणं चकतीला जाचतं.

कुशीवरचा पूल. कुशीवर, कोपर खांद्याखाली, गुडघे दुमडलेले. कुल्ला उचलून गुडघ्यापासून खांद्यापर्यंत सरळ रेष. दोन्ही कुशींवर. जमायला लागलं की पाय सरळ करून.

विरुद्ध बाजूचे हात-पाय. रांगत्या बाळासारखे चारी हातापायांवर या. उजवा हात पुढे, डावा पाय मागे, जमिनीला समांतर. दहा सेकंद. मग दुसरी बाजू. कमरेवर पाण्याचा पेला ठेवलाय असं समजा. मी खरंच ठेवला होता, दोनदा सांडला, मग कळलं की पाय फार वर जात होता.

फेऱ्या उतरत्या: पहिल्या फेरीत पाच वेळा, मग तीन, मग एक. दहा सेकंदांहून जास्त धरायचं नाही. दम वाढवायचा तर वेळा वाढवा. कमरेला पैलवानाची ताकद लागत नाही, दिवसभर न थकण्याची सवय लागते. श्वास रोखू नका. रक्तदाब असलेल्यांनी तर मुळीच नाही.

दोन-तीन आठवड्यांनी सेतुबंधासन (उताणं झोपून, गुडघे दुमडून कुल्ले वर उचलायचे) जोडा, कुल्ल्यांचे स्नायू जागे करायला. बसून बसून ते झोपलेले असतात आणि त्यांचं काम कंबर करत राहते.

सामान: सतरंजी किंवा मॅट, एक टॉवेल, एक काठी, बिनहाताची खुर्ची. गादीवर हे व्यायाम करू नका.

काठी कशाला? वाकायला शिकायला. काठी पाठीवर उभी धरा, डोक्याला, दोन खांद्यांच्या मधे आणि माकडहाडाच्या वर अशी तीन ठिकाणी टेकलेली. आता गुडघे थोडे सैल करून कुल्ले मागे न्या आणि पुढे झुका. तिन्हीपैकी एकही जागा सुटली की कंबर वाकली. खुब्यातून वाकायचं असतं, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. आधी काठीने वीस वेळा, मग रिकामी बादली, मग अर्धी भरलेली. भरलेली बादली दोन महिन्यांनी.

## ६. ताण: थोडा, आणि योग्य जागी

लोकांना ताणणं आवडतं, कारण लगेच मोकळं वाटतं. पण दुखणारी जागा ताणायची असतेच असं नाही. बसून काम करणाऱ्यांच्या खुब्याच्या पुढच्या बाजूचे स्नायू आखूड होतात. एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे, पोट आत, कुल्ला आवळून किंचित पुढे सरका. तीस सेकंद, दोन वेळा, दोन्हीकडे. पोटऱ्यांसाठी भिंतीला हात टेकून एक पाय मागे.

मांडीच्या मागच्या स्नायूची गंमत वेगळी. तिथे ओढ लागते म्हणून सगळे टॉवेल लावून पाय ओढतात. ओढ पोटरीपर्यंत, पावलापर्यंत जात असेल, मुंग्या येत असतील, मान खाली घातल्यावर वाढत असेल तर ओढ बहुधा स्नायूची नसते, चिडलेल्या नसेची असते. चिडलेल्या नसेला ताणणं म्हणजे सुजलेलं बोट पुन्हा पुन्हा दाबून बघण्यासारखं आहे. ते बंद करा.

## ७. घरात गुडघेही असतात

माझं बघून आईने विचारलं, माझ्या गुडघ्यांचं काय? ती एकाहत्तर वर्षांची, ‘वंगण संपलंय’ असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणून जिना चढणं सोडलेलं. सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांधा हलला, दाब आला-गेला तरच तिला पोषण मिळतं. गुडघा जपून ठेवला तर तो आणखी आखडतो.

तिचा क्रम असा: पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबून पाच सेकंद, दहा वेळा. मग उताणं झोपून सरळ पाय वीतभर उचलणं. दोन आठवड्यांनी खुर्चीवरून उठ-बस, सीटवर एक उशी ठेवून उंची वाढवलेली, हातांचा आधार घेऊन. पाचपासून सुरुवात. आधी उशी काढली, मग हात. आता ती एका दमात दहा करते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. देवपूजा मात्र मांडी घालून नाही, स्टुलावर. यावर आमचं दीड महिना भांडण चाललं.

वजनाबद्दल एकच आकडा. गुडघ्याची झीज असलेल्या, वजन जास्त असलेल्या लोकांवरच्या २००५ च्या एका अभ्यासात असं दिसलं की एक किलो वजन कमी झालं की दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. आईने तीन किलो कमी केले. हिशोब तिनेच केला, आणि साखरेचा डबा स्वतःच वर ठेवला.

## ८. किती दुखलेलं चालेल?

सगळ्यात जास्त माणसं इथे व्यायाम सोडतात. पहिल्या दिवशी दुखलं की बंद, किंवा बरं वाटलं म्हणून पहिल्याच आठवड्यात दुप्पट.

मला शिकवलेला नियम: व्यायाम करताना दुखणं ३ पर्यंत चालेल. ५ च्या वर गेलं तर वेळा कमी करा. संपल्यावर वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर यायला हवं. आलं नाही तर कालचा डोस जास्त झाला. व्यायाम तोच ठेवा, डोस अर्धा करा. स्नायू अंगभर ठणकणं वेगळं, विजेसारखी कळ वेगळी. पहिल्याला घाबरू नका.

आणि गोळी घेऊन व्यायाम करू नका, निदान सुरुवातीला तरी. कळ दाबली तर वहीत लिहिणार काय?

फरक दिसायला मला सहा आठवडे लागले. चौथ्या आठवड्यात वहीतले आकडे जवळजवळ तेच होते आणि मी सोडून देणार होते. फिजिओथेरपिस्टने आकडे न बघता दुसरंच विचारलं: न थांबता किती वेळ बसता येतं? आधी वीस मिनिटं, आता पन्नास. दुखणं नंतर उतरतं, सोसणं आधी वाढतं. म्हणून वहीत पाचवा रकाना घाला: किती वेळ सोसलं.

## ९. परत धरली तर

धरेल. मला मागच्या दिवाळीत धरली, फराळाचे डबे उतरवताना. या वेळी काय केलं ते लिहिते.

पहिला दिवस: धोक्याच्या खुणा तपासल्या, नव्हत्या. दर तासाला पाच मिनिटं पालथं पडणं, मग घरातल्या घरात चालणं. झोपून राहिले नाही. आडवं पडले तरी अर्ध्या तासाच्या वर नाही. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांत उशी. शेक घेतला, बरं वाटतं म्हणून. त्याने काही दुरुस्त होतं अशी समजूत नव्हती. काकूंनी पायाळू मुलाची आठवण काढली. तो आता इंजिनिअरिंगला पुण्यात आहे.

दुसरा दिवस: हातांनी वर येणं, दहा-दहा वेळा. चालणं दहा मिनिटं, तीनदा. तिसऱ्या दिवशी पुन्हा चारी हातापायांवर, पाच सेकंदांपासून. पाचव्या दिवशी स्कूटर बाहेर काढली, फक्त भाजीपर्यंत, आणि वहीत लिहिलं: ३, कमरेत, खाली उतरलं नाही.